गोड्या पाण्याचं दार

जुनी मोटार घेऊन कुणी माझ्या गॅरेजात आला, की मी त्याला सगळ्यात आधी विचारायचो, "तुमच्याकडे पाणी कुठलं येतं?" समोरचा माणूस गोंधळायचा. त्याने गाडीबद्दल बोलायची तयारी केलेली असायची. कुठल्या साली कुठल्या बोटीतून ती मुंबईला उतरली, कुठल्या साहेबाने वापरली, हे सगळं पाठ. आणि मिस्त्री विचारतोय पाण्याचं. काहीजण तर मला तहान लागली असं समजून चहा मागवायचे.

संपादकांनी मला 'छंद' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. छंद गिऱ्हाइकांचा होता, माझ्या वाट्याला आला तो वैताग. जवळजवळ चाळीस वर्षं नांदेडला गॅरेज चालवलं. पोट भरलं ते जीप आणि ट्रॅक्टरवर, पण नाव झालं ते जुन्या गाड्यांमुळे, आणि डोक्याचे केस गेले तेही त्यांच्यामुळेच. माझे वडील शाळामास्तर होते. मुलगा काळ्या हातांचा धंदा करतो म्हणून त्यांनी दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. जुन्या गाड्यांचे शौकीन पाहिल्यावर मला कधीकधी वाटायचं, वडिलांचं अगदीच चुकत नव्हतं.

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक होते. गाडी छोटीशी, पण पुस्तक हे एवढं जाड. रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन यायचे आणि माझ्या डोक्याशी उभे राहून मोठ्याने वाचायचे. एकदा त्यांनी घरी जेवणाच्या टेबलावर कार्बोरेटर खोलला आणि दुसऱ्या दिवशी चिवड्याच्या दोन डब्यांतून माझ्याकडे आणला. एका डब्यात चिवडाही होता. दुसरे एक ठेकेदार होते. त्यांना गाडीतली प्रत्येक वस्तू मूळचीच हवी होती. दाराच्या कडीसाठी मी हैदराबादच्या भंगारबाजारात तीन चकरा मारल्या. कडी मिळाली, बसवली, आणि मग ठेकेदार म्हणाले, "आता एक टेप बसवा, एक पंखा बसवा, अन् हॉर्न ट्रकचा लावा." मी पाना खाली ठेवून सरळ घरी जेवायला गेलो.

असो. पाण्याचं सांगत होतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जुन्या गाडीत अवघड काय तर इंजिन. इंजिन शहाणं असतं. ते बिघडलं तर आवाज करतं, धूर सोडतं, सांगून मोकळं होतं. अवघड असतो तो रंग. रंग आधी हसतो आणि मग दगा देतो. जुना पत्रा खरवडायचा, ठोकून सरळ करायचा, खड्ड्यांत लांबी भरायची. लांबी म्हणजे पत्र्यावर थापायचा जाडसर लेप. ती वाळली की काळा वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासत राहायचं. घासा, धुवा, पुसा, पुन्हा लेप द्या, पुन्हा घासा. एका गाडीला असे महिन्याभरात शेकडो घागरी पाणी लागतं. आणि ते पाणी गोडंच हवं. खारं पाणी पत्र्यावर वाळलं की क्षार तिथेच बसतात. वरून रंग मारला की काही दिसत नाही, गाडी आरशासारखी होते. मग सहाआठ महिन्यांनी आतून फोड उठायला लागतात, भाजल्यावर कातडीवर उठतात तसे. एकदा उठले की इलाज नाही, सगळा रंग काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माझे उस्ताद हमीदभाई म्हणून जुन्या काळातले रंगारी होते. निजामाच्या अधिकाऱ्यांच्या गाड्या त्यांनी रंगवलेल्या. त्यांचा नियम एकच. कामाला बसण्याआधी बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचं. "जो पानी तू नहीं पी सकता, वो पत्रे को मत पिला," असं म्हणायचे. चव बिघडली असेल तर ते सरळ दुकानाची फळी लावून घरी जायचे. मीही आयुष्यभर पाणी चाखून, गोडं असलं तरच काम केलं. एक गाडी सोडून.

ती गाडी आप्पांची. आप्पा म्हणजे लातूरच्या बाजारातले आडत व्यापारी. पांढरं स्वच्छ धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज असा की हळू बोलले तरी शेजारच्या गल्लीत सौदा व्हावा. लोह्याजवळच्या एका खेड्यात जुन्या जहागीरदाराच्या गोठ्यात त्यांना एक विलायती मोटार सापडली. मागच्या सीटवर सरकी भरलेली, पुढच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. आप्पांनी गाडी पाहिली, कोंबडी पाहिली, आणि तिथेच ठरवून टाकलं. लहानपणी त्यांनी ही गाडी लातूरच्या बाजारातून जाताना पाहिली होती म्हणे. सगळा बाजार उठून उभा राहिला होता.

"मिस्त्री, तवा आमी समदे उभे राहिलो होतो," आप्पा मला म्हणाले. "आता मी त्याच्यात बसून बाजारातून जाणार हाय."

"कोण उभं राहणार आता आप्पा?" मी म्हणालो.

"न्हाई राहिलं तर न्हाई. मी बसतो का न्हाई ते बघा."

इंजिन, ब्रेक, तारा, सगळं मी नांदेडला एका वर्षात उभं केलं. आता राहिला रंग, आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की लातूर वेगळा जिल्हा होणार. आप्पांच्या अंगात आलं. बाजारातल्या लोकांनी जिल्हा होईल त्या दिवशी मिरवणूक काढायचं ठरवलं आणि आप्पांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, मिरवणुकीत पहिली गाडी माझी. शब्द देताना मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी बहुतेक हो म्हणालो असतो, कारण नांदेडला गोदावरी आहे आणि माझ्या गॅरेजाच्या नळाला तेव्हा बऱ्यापैकी पाणी होतं.

एके सकाळी आप्पा ट्रक घेऊन दारात हजर.

"गाडी लातूरला नेऊन राहिलो. रंग तिथंच मारायचा."

"आप्पा, तिथे पाणी नाही. सगळीकडे टँकर चालू आहेत. इथे नदी आहे."

"नदी तुमची, जिल्हा आमचा. लातूरची गाडी नांदेडात रंगून आली तर बाजारात तोंड कसं दाखवू?"

"आप्पा, रंगाला जिल्हा कळत नाही हो, पाणी कळतं!"

"पान्याचं मी बघतो. तुमी कपडे घ्या अन् बसा ट्रकात."

या माणसाशी वाद घालणं म्हणजे बंद पडलेल्या गाडीला हॉर्न वाजवून दाखवण्यासारखं होतं. मी कपडे घेतले आणि ट्रकात बसलो. वाटेत अहमदपूर येईपर्यंत त्यांनी मला गाडीच्या मागे 'जिल्हा लातूर' असं मोठ्या अक्षरात लिहायला सांगून टाकलं. मी सांगितलं, त्यासाठी मागच्या पाटीवरचा जुना हैदराबादचा नंबर पुसलात तर मी उतरून एसटीने परत जाईन. चाकूर येईपर्यंत त्यांनी ती अक्षरं सोडून दिली.

आप्पांच्या घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे गाडी उभी केली. आवारात हापसा होता. मी त्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि चाखून थुंकलं. मचूळ, जिभेला चरचरणारं. गल्लीत सगळ्यांचे हापसे तसेच. गोडं पाणी बाजारापलीकडच्या एकाच आडाला होतं आणि तिथे बायका पहाटेपासून रांगेत. आप्पांनी बैलगाडीवर टाकी लावून तिथून माझ्यासाठी पाणी आणायला सुरुवात केली.

आप्पांच्या पत्नीला सगळे आक्का म्हणायचे. बारीक चणीच्या, कपाळावर विभूती, बोलणं थोडकं. पहिल्या दिवशी त्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मी टाकीतलं पाणी बॉनेटवर सोडत होतो ते बघत राहिल्या.

"मान्सांना प्यायला न्हाई," त्या म्हणाल्या, "अन् ह्या म्हातारीला रोज न्हाऊ घालून राहिलेत."

त्या बोलल्या ते खरं होतं. मी खाली बघून घासत राहिलो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा जास्त चिंता लांबी वाळायची होती.

पाऊस ओढ देऊन बसला होता. श्रावण लागला तरी आभाळ कोरडंच. दोन आठवड्यांनी आडाच्या रांगेतल्या बायकांनी आप्पांची बैलगाडी अडवली. त्यांतली एक आप्पांच्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या मोटारीला तहान लागली असंल तर तिला म्हनावं रांगंत उभी राह्य." सगळा बाजार दिवसभर हे वाक्य एकमेकांना सांगून हसत होता. बैलगाडी रिकामीच परत आली. आप्पांना राग आला नाही, ते नुसते खाटेवर बसून राहिले. मिरवणुकीला चार दिवस उरले होते आणि माझा शेवटचा लेप अजून घासायचा होता.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मी शबुद दिलाय हो."

तो आवाज नेहमीचा नव्हता. मी म्हणायला हवं होतं, आप्पा, बिनरंगाची गाडी घेऊन चला, नाहीतर पुढच्या वर्षी चला. हमीदभाई असते तर फळी लावून घरी गेले असते. पण माझंही नाव अडकलं होतं. नांदेडचा मिस्त्री आला, वर्षभर खपला आणि वेळेवर गाडी देऊ शकला नाही, हे बाजारात बोललं गेलं असतं. मी हापशाखाली बादली लावली. सवयीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि तेच पाणी पत्र्यावर ओतलं.

मागून आक्कांचा आवाज आला. "चाखून थुकलं की हो तुमी. मग ते तिला कसं चालतंय?"

"चालतं आक्का," मी म्हणालो. "रंगाखाली काय दिसतंय?"

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने एक भरलेली घागर घेऊन आल्या. घरात गोडं पाणी किती होतं ते मला माहीत होतं. रांगेतून मिळालेल्या दोन घागरी, त्यांतून सगळ्यांचं पिणं आणि आक्कांची रोजची लिंगपूजा. तळहातावर लिंग घेऊन त्या पूजा करायच्या, त्यासाठीची पितळी घागर वेगळी होती. तीच त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"समद्या गाडीला न्हाई द्यायची मी," त्या म्हणाल्या. "पर डाव्या अंगाच्या मागच्या दाराला हे लावा. मिरवणुकीत मी तिथं बसणार हाय."

"आणि पूजा?"

"देवाला तांब्याभर पुरतंय. तेवढं ठिवलंय मी."

एक घागर पाणी म्हणजे एक दार, बरोबर हिशेबात बसतं. मी ते दार आधी गोड्या पाण्याने तीनदा धुतलं, मग हात जपून, थेंब न सांडता घासलं. आयुष्यात एवढं नीट काम मी दुसऱ्या कुठल्या पत्र्यावर केलं नसेल. बाकीची गाडी हापशाच्या पाण्याने झाली. वरून गर्द हिरवा रंग बसला आणि पाहणाऱ्याला सगळी दारं सारखीच दिसली.

मिरवणुकीच्या दिवशी आप्पांची गाडी पहिली होती. मागे आक्का, डाव्या दाराशी, नव्या इरकली लुगड्यात. बाजार उभा राहिला का? सगळा नाही, पण बरेच लोक उभे राहिले, आणि आप्पांना तेवढं पुरलं. अर्ध्या वाटेत रेडिएटर उकळायला लागला. वाफा बघून बँडवाले पळाले. आप्पा ओरडत होते, "पानी आना, पानी!" आणि पाणी कोण देणार? शेवटी एका न्हाव्याने दाढीच्या वाटीतलं साबणाचं पाणी पुढे केलं. मी कपाळावर हात मारला. आक्का मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पांचं पत्र आलं. बॉनेटवर फोड आलेत, टपावरही. मी उलट टपाली लिहिलं, ऊन फार आहे, गाडी सावलीत ठेवा. दुसरं पत्र आलं, फोड फुटून रंग सुटतोय. मी लिहिलं, रंगाचे डबे खराब निघाले असावेत. तिसरं पत्र आलं नाही. मीही लातूरकडे फिरकलो नाही. दुसऱ्या गावांतून बोलावणी येत राहिली, नाव वाढत राहिलं. पण रोज बादलीतलं पाणी चाखताना ती मचूळ चव जिभेवर यायची. मी खोटं बोललो होतो, तेही लिहून, सही करून.

गॅरेज बंद करायचं ठरवलं तेव्हा कितीतरी वर्षं लोटली होती. हत्यारं विकायला काढली आणि अचानक ठरवून लातूरची एसटी पकडली. आप्पा थकले होते, पण आवाज तोच. आक्का जाऊन तीन वर्षं झाली होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी शेडमध्ये गेलो, आप्पा मागून आले. ताडपत्री ओढली. बॉनेट, टप, मडगार्ड, सगळीकडे रंग पापुद्र्यांनी सुटलेला, खाली तांबडा गंज. आणि डाव्या बाजूचं मागचं दार, गर्द हिरवं, अखंड. त्यात माझा चेहरा दिसत होता. मला तो बघवेना.

"आप्पा," मी म्हणालो, "डबे खराब नव्हते. मी खारं पाणी वापरलं. मला माहीत होतं काय होणार ते."

"मलाबी म्हाईत होतं," आप्पा म्हणाले. "हिनं त्याच दिशी सांगितलं होतं. म्हनली, मिस्त्रीला बोलू नगा. तुमच्या घाईनं त्येला तसं करायला लावलंय."

"मग पत्रं कशाला पाठवलीत?"

"म्हटलं बघावं, तुमी काय लिवता ते."

मी ताडपत्रीची घडी घातली. मग म्हणालो, हत्यारं अजून विकलेली नाहीत, मजुरी नको, गाडी पुन्हा करून देतो. आता नळाला पाणी आहे, रोज चाखून काम करीन.

"करा," आप्पा म्हणाले. "पर त्या दाराला हात लावायचा न्हाई."

मी डोक्याला हात लावला. एक जुनं दार सोडून बाकीची गाडी त्याच्याशी जुळवायची? इतक्या वर्षांत निवलेला हिरवा डब्यात मिळत नाही. मी मिसळला, पातळ केला, काळा घातला, पिवळा घातला, दारासमोर धरून पाहिला, ओतून दिला. आप्पा खाटेवर बसून म्हणायचे, "जरा आनखी हिरवा." मी म्हणायचो, "तुम्हीच मिसळा मग!" दीड महिना हे चाललं. रंग जुळला नाही तो नाहीच. गाडी झकास झाली, पण ते दार वेगळं दिसतं ते दिसतंच.

गेल्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन होतं. आप्पांनी मला सोबत नेलं. गुण द्यायला आलेला तरुण पुण्याकडचा, हातात कागद, गळ्यात कॅमेरा. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, डाव्या दाराशी थांबला, वाकून पाहिलं आणि कागदावर काहीतरी खोडलं.

"काका, गाडी सुरेख आहे," तो आप्पांना म्हणाला, "पण हे एक दार चुकलंय. रंग जुळत नाही. हे तेवढं पुन्हा करून घ्या."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, खिशातलं फडकं काढून त्या दारावरची धूळ पुसली.

"दार बरोबर आहे," मी त्याला म्हणालो. "चुकलीय ती बाकीची गाडी."